आत्मकरुणा आणि जबाबदारी

दारू सोडून आठ महिने झालेला एक माणूस मामेभावाच्या लग्नात मित्रांच्या आग्रहाखातर एक पेग घेतो. आठ महिन्यांची कमाई त्या एका पेगात वाहून गेलेली नसते. पण पुढच्या काही तासांत त्याच्या मनात जे घडतं, त्याला फार महत्त्व असतं. ‘माझी लायकीच नाही. बायकोला कोणत्या तोंडाने सांगू? आता झालंच आहे एवढं, तर होऊन जाऊ दे,’ असं मन बोलू लागलं, की दुसरा पेग लांब राहत नाही. व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक पहिल्या घसरणीला ‘स्लिप’ म्हणतात आणि जुन्या पिण्याकडे पुरतं परतण्याला ‘रिलॅप्स’. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली संपादित केलेल्या ग्रंथात या दोहोंमधल्या अंतराकडे लक्ष वेधलं. घसरणीचं कारण माणूस स्वतःच्या कायमच्या नालायकीत शोधतो, तेव्हा अपराधीपणा आणि हतबलता वाढून पुरता रिलॅप्स होण्याचा धोका वाढतो. तेच कारण त्याने प्रसंगात आणि अपुऱ्या तयारीत शोधलं, तर पुढच्या वेळी काय करायचं हे त्याला शिकता येतं. रिलॅप्सला शरीराची ओढ, संगत, बेकारी, नैराश्य अशी इतरही कारणं असतात. पण त्या रात्री माणूस स्वतःशी कसं बोलतो, हेही त्यांतलं एक मोठं कारण आहे.

आपल्याकडे स्वतःला दोष देणाऱ्याला मान असतो. जो स्वतःला फैलावर घेतो तो प्रामाणिक, आणि जो स्वतःशी मायेने वागतो तो स्वतःचे लाड करणारा, अशी समजूत घरात, शाळेत, कचेरीत मुरलेली आहे. तिच्यामागे अनुभवही आहे. ज्यांच्यासाठी परीक्षा आणि नोकरी हीच गरिबीतून वर येण्याची वाट होती, त्या पिढ्यांना ढिलाई परवडणारी नव्हती. आत्मकरुणेचं नाव काढताच ‘मग माणूस सुधारेल कशाला?’ असा प्रश्न येतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

आधी आत्मकरुणा म्हणजे काय, ते नेमकं पाहू. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली तिची तीन अंगं मांडली. दुखावलेल्या मित्राशी बोलावं तसं स्वतःशी बोलणं, हे पहिलं. चूक, अपयश, उणेपणा सगळ्याच माणसांच्या वाट्याला येतात, आपण त्यात एकटे नाही याची जाणीव, हे दुसरं. आणि आपल्या दुःखाकडे ते न दाबता, त्यात वाहूनही न जाता पाहता येणं, हे तिसरं. यात चुकीला ‘चूक नाही’ म्हणण्याला कुठेही जागा नाही. उलट तिसरं अंग चुकीकडे सरळ पाहायलाच सांगतं. आत्मकीव आणि आत्मकरुणा यांतला फरक दुसऱ्या अंगात दिसतो. कीव करणाऱ्याला वाटतं, हे माझ्याच नशिबी का. करुणा असलेल्याला आपल्यासारखेच ठेचकाळलेले इतरही दिसतात.

आता सुधारणेचा प्रश्न. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. पहिल्या परीक्षेच्या आधी अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात, अवघड चाचणीत अपयश आल्यावर स्वतःकडे करुणेने पाहायला सुचवलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. हे अभ्यास लहान आहेत, विद्यापीठातल्या तरुणांपुरते आहेत. त्यांवरून साऱ्या मानवजातीविषयी नियम काढणं घाईचं होईल. पण स्वतःशी मऊ वागलं की माणूस आळशी होतो, या आपल्या ठाम समजुतीला त्यांनी धक्का दिला आहे, हे नक्की.

असं का होत असावं? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणाकेंद्री उपचारपद्धती घडवताना एक मुद्दा आग्रहाने मांडला. बाहेरून कुणी अंगावर आलं की शरीर-मन जसं बचावाच्या पवित्र्यात जातं, तसंच ते आपण स्वतःवर तुटून पडलो तरी जातं. बचावाच्या पवित्र्यातलं मन शिकत नाही. ते लपतं, पळतं किंवा उलटून वार करतं. घरी मार बसणार हे ठाऊक असलेलं मूल प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवतं, तसं भ्यालेलं मन स्वतःची चूक स्वतःपासूनच दडवतं. ‘मी वाईटच आहे’ हे वाक्य वरवर कबुलीजबाबासारखं वाटतं. पण मी नेमकं काय केलं, कुणाचं नुकसान केलं, ते कसं भरून काढायचं, या प्रश्नांना त्यात जागाच उरत नाही. माझं ठाम मत आहे की कठोर आत्मनिंदा ही बऱ्याचदा जबाबदारी टाळण्याची एक प्रतिष्ठित वाट असते.

ही वाट टाळायची कशी, याचं उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडे मिळतं. त्यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि लेखनातून, प्रशिक्षणातून तो विचार महाराष्ट्रात रुजवला. एलिस यांचं सांगणं असं, की कृत्याचं मूल्यमापन जरूर करा, हवं तितकं कडक करा. पण त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. हे शिक्षा माफ करणं नव्हे. कृत्य आणि कर्ता वेगळे ठेवल्यावर कृत्य निर्भयपणे तपासता येतं, ते कुणाचं नुकसान करून गेलं हेही पाहता येतं.

पण हे एकट्याने बसून साधत नाही. ज्यांचं बालपण मारझोडीत किंवा अवहेलनेत गेलं, त्यांना मायेचा शब्दही धोक्याचा वाटतो, असं गिल्बर्ट यांना उपचारांत आढळलं. अशा माणसाला ‘स्वतःवर प्रेम कर’ म्हणणं हा आणखी एक हुकूम ठरतो आणि तो पाळता आला नाही की आणखी एक अपयश. स्वतःशी बोलण्याची भाषा आपण इतरांच्या बोलण्यातूनच उचललेली असते. बदलायची तरी ती इतरांच्या सोबतीनेच बदलते. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात अनेक समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. घसरून परत आलेल्या माणसासमोर तोच रस्ता चालून गेलेला माणूस बसतो, तेव्हा नेफ यांचं दुसरं अंग समजावून सांगावं लागत नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही दुसऱ्याच्या सोबतीने जबाबदारीकडे नेणारा क्रम आहे. आधी स्वतःचा निर्भय आढावा, मग तो दुसऱ्या माणसापुढे मांडणं, आणि पुढे ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई.

ही भरपाई महत्त्वाची आहे, कारण आत्मकरुणेचा गैरवापर होतो तो इथेच. ‘मी स्वतःला माफ केलं आहे’ असं म्हणून बायकोनेही विसरून जावं अशी अपेक्षा धरणारा नवरा करुणेचं नाव घेऊन पुन्हा अन्यायच करतो. स्वतःला सावरणं हा त्याचा हक्क आहे. दुसऱ्याची माफी हा त्याचा हक्क नाही. ती देणं न देणं, केव्हा देणं, हे सर्वस्वी तिच्या मनावर. आणि खरं पाहता आत्मकरुणेची गरज तिलाही तितकीच असते. ‘मीच कुठेतरी कमी पडले’ हे वाक्य अशा घरांतल्या बायका वर्षानुवर्षं मनात घोळवतात. तिला करुणा म्हणजे आणखी सहन करण्याचं बळ असं कुणी शिकवू नये. जे आपलं नाही ते ओझं खाली ठेवण्याची, आणि गरज पडली तर ते घर सोडण्याचीही मुभा तिला त्यातून मिळायला हवी. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत उमेदीची वर्षं घालवलेल्या तरुणांचंही असंच आहे. मोजक्या जागांसाठी लाखो अर्ज येतात, तिथे निवड न होण्याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्यांना धीर देणं जितकं गरजेचं, तितकंच ही व्यवस्था बदलण्याची मागणी करणंही गरजेचं आहे.

म्हणून आत्मकरुणेची परीक्षा मनाला किती हलकं वाटलं यावर करू नये. चूक झाल्यावर माणसाने स्वतःला शांतपणे तीन प्रश्न विचारावेत: नेमकं काय घडलं, त्यातलं माझं किती, आणि आता मी काय करणार? पहिल्या दोन प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला धीर लागतो आणि तो धीर करुणा देते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कृतीतच द्यावं लागतं. तिथवर नेणारी करुणा आपल्या मुलांना द्यावी, सहकाऱ्यांना द्यावी आणि तितक्याच निःसंकोचपणे स्वतःलाही द्यावी.