सत्तावीस फूट

२० सप्टेंबर १७९७. बोस्टनमध्ये एडमंड हार्ट यांच्या जहाजबांधणीच्या आवारात आणि आजूबाजूच्या धक्क्यांवर बघ्यांची झुंबड उडाली होती. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स आले होते, राज्याचे गव्हर्नर आले होते. चरबी फासलेल्या लाकडी घसरणीवर, मागची बाजू पाण्याकडे करून, ४४ तोफांची फ्रिगेट ‘कॉन्स्टिट्यूशन’ उभी होती. ती पाण्यात उतरताना उसळणाऱ्या लाटेने काठावरच्या लोकांना धोका होईल, अशी सूचनाही आधी दिली गेली होती. लाटेच्या आशेने आलेलेही त्या गर्दीत असणारच.

इंग्लंडने अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केल्याला तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. युद्ध संपल्यावर खर्च परवडेना म्हणून या देशाने आपलं उरलंसुरलं लढाऊ जहाजही विकून टाकलं होतं. मग अल्जिअर्सचे चाचे अमेरिकी व्यापारी जहाजं धरू लागले, खलाशांना कैदेत टाकू लागले, तेव्हा कुठे १७९४ मध्ये सहा फ्रिगेटी बांधायला मंजुरी मिळाली. त्यातही कायद्यात मेख होती : अल्जिअर्सशी तह झाला की काम थांबवायचं. तह झाला. बरीच रदबदली होऊन सहापैकी तिघींचं काम चालू राहिलं. कॉन्स्टिट्यूशन त्यांतली एक. तिच्यावर शेवटी तीन लाख डॉलरच्या वर खर्च झाला. एवढा पैसा ओतल्यावर लोक डोळ्यांत तेल घालून बघणार, यात नवल नाही.

बांधकामाचा प्रमुख होता कर्नल जॉर्ज क्लॅगहॉर्न. त्याला एक जुनी धास्ती होती. मे महिन्यात फिलाडेल्फियात ‘युनायटेड स्टेट्स’ ही पहिली फ्रिगेट पाण्यात सोडली, तेव्हा घसरणीचा उतार जास्त झाला होता. जहाज वेगात खाली गेलं आणि तळाला इजा झाली. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून प्यावं, तसं क्लॅगहॉर्नने आपला उतार मुद्दाम कमी ठेवला. तोंड भाजलं होतं दुसऱ्याचंच, पण फुंकर यानेही घातली.

(त्याच काळात मुंबईत वाडिया मंडळी गोदीत जहाजं बांधत होती. गोदीत पाणी घेतलं की जहाज जागच्या जागी तरंगे. घसरणीची कटकटच नाही. पण बोस्टनमध्ये तशी गोदी नव्हती, तेव्हा उतार आणि भरती यांच्यावरच सारी भिस्त.)

भरती आली. खालचे ठोकळे, टेकू एकेक करून काढले. जहाज हलेना. स्क्रूचे जॅक लावून रेटा दिला, तसं ते करकरत निघालं, सत्तावीस फूट सरकलं आणि थांबलं.

क्लॅगहॉर्नने पाहणी केली. जहाजाच्या भाराने घसरण सुमारे अर्धा इंच खचली होती. उतार आधीच बेताचा, त्यातला अर्धा इंच गेला म्हणजे काय उरलं? अजून रेटा देणं त्याच्या हातात होतं. यंत्रं होती, माणसं होती, राष्ट्राध्यक्ष समोर होते. ‘अजून थोडा जोर लावा’ असं गर्दीतून कुणीतरी ओरडलं असेलच; अशा ठिकाणी फुकट सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. पण भरतीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. जहाज अर्धं घसरणीवर आणि अर्धं बाहेर असं अडकलं आणि ओहोटी लागली, तर मागचा अधांतरी भाग स्वतःच्याच वजनाने वाकणार. जहाजाचा कणा एकदा वाकला की ते जहाज जन्माचं अधू. क्लॅगहॉर्नने काढलेले टेकू परत लावायला सांगितले. मंडळी घरी गेली.

इथवरची गोष्ट सांगून त्याला शाबासकी देणं सोपं आहे. पण दोनच दिवसांनी, २२ तारखेला, त्याने पुन्हा प्रयत्न केला. मला विचाराल तर ही घाई होती. उधाण ओसरायच्या आत आपली अब्रू परत मिळवावी, असं त्याला वाटलं असेल. जहाज आणखी एकतीस फूट सरकलं आणि पुन्हा अडलं. घसरणीचा पुढचा भाग तर आधीपेक्षा जास्त खचला. आता जहाज पाण्याच्या आणखी जवळ, म्हणजे आणखी धोक्यात. पहिल्यांदा थांबताना त्याच्या पदरी निदान सद्भावना होती. या वेळी नुसतं हसं होतं.

आरमार हवंच कशाला म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. फिलिप फ्रेनो या कवीने तर जहाजाची टिंगल करणारी कविताच लिहिली. अडखळलेलं जहाज अपशकुनी, अशी खलाशांची समजूत, ती निराळीच. या गदारोळात क्लॅगहॉर्नने सरकारला पत्र लिहून कळवलं : घसरण इतकी खचली, उतार वाढवावा लागेल, पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत थांबावं लागेल. महिनाभर सुतार घसरण नव्याने बांधत राहिले.

२१ ऑक्टोबरला गर्दी बरीच ओसरली होती. दोनदा फसलेला तमाशा तिसऱ्यांदा बघायला कोण येतो? त्या दिवशी कॉन्स्टिट्यूशन सरळ बंदरात उतरली. कॅप्टन जेम्स सेव्हरने तिच्या नाळेवर मदिरा वाइनची बाटली फोडली.

पुढे इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपलं. १८१२ च्या ऑगस्टमध्ये तिने ‘गेरिअर’ ही इंग्रजी फ्रिगेट नामोहरम केली. तिच्या जाड ओक लाकडावर आपटून तोफगोळे परतले म्हणून खलाशी तिला लोखंडी म्हणू लागले. डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ ही आणखी एक इंग्रजी फ्रिगेट तिच्या तावडीत सापडली. जावा निघाली होती मुंबईला. तिच्यावर जनरल हिस्लॉप होते, तेच पुढे १८१७ मध्ये महिदपुरात होळकरांच्या फौजेशी लढले. आणि पोटात होता मुंबईत बांधल्या जाणाऱ्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेसाठी तांब्याचा पत्रा. जावाची इतकी मोडतोड झाली होती की तिला ओढून नेण्यात अर्थ नव्हता. कॉन्स्टिट्यूशनच्या कॅप्टन बेनब्रिजने तिचं सुकाणूचं चाक काढून आपल्या जहाजावर बसवलं आणि तिला आग लावली. वाडियांनी कॉर्नवॉलिस १८१३ मध्ये पाण्यात उतरवलीच.

कॉन्स्टिट्यूशन आजही बोस्टनच्या बंदरात आहे, अमेरिकी नौदलाच्या सेवेत. सव्वादोनशे वर्षांत तिच्या डोलकाठ्या, फळ्या, शिडं, दोरखंड कितीदा तरी बदलले गेले. मूळचं लाकूड थोडंच उरलं आहे. कणा मात्र क्लॅगहॉर्नने घातलेलाच आहे.