दुसरा डाव

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. तिला द्यूतप्रतिपदा असेही एक जुने नाव आहे. त्या दिवशी शंकरपार्वती द्यूत खेळले अशी कथा सांगतात. वर्षभर पत्त्यांना शिवू न देणारी घरेही त्या दिवशी थोडी सैल होतात. तेव्हा फराळाबरोबर जुगाराविषयी चार शब्द लिहिले, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

पोकर हा परदेशी पत्त्यांचा खेळ. गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटींमुळे त्याचे नाव दूरवर गेले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा परभणीजवळच्या आमच्या पिंगळीतही त्याची चर्चा झाली. या खेळाच्या स्पर्धेचा एक प्रकार आहे ‘रीबाय’. प्रवेशाचे पैसे भरले की सर्वांना सारख्या चकत्या मिळतात. एरवीच्या स्पर्धेत त्या संपल्या की उठून जावे लागते. रीबायमध्ये मात्र सुरुवातीच्या ठराविक वेळेत पुन्हा पैसे भरावेत, नव्या चकत्या घ्याव्यात आणि खेळत राहावे, अशी सवलत असते. ती वेळ सरली की दार बंद.

जाणकार सांगतात, या पहिल्या टप्प्यात धीटपणे खेळावे. हरलो तर पैसे जातात, पण स्पर्धा जात नाही. जिंकलो तर चकत्यांची रास वाढून पुढच्या कठीण टप्प्याला बळ येते. शिवाय पुष्कळजण सैल हाताने खेळत असल्याने चांगल्या पानांना मोलही चांगले मिळते. हिशेब चोख आहे. पण त्याला एक अट आहे: खिशात दुसऱ्या प्रवेशाचे पैसे हवेत. ज्याच्याजवळ एकाच प्रवेशाचे आहेत, तो बिचारा उत्तम पानांची वाट पाहत बसतो, आणि शेजारचा हसून म्हणतो, “घाबरता काय? खेळा की!”

मला प्रश्न पडतो तो येथेच. त्या शेजाऱ्याचे धैर्य हा त्याच्या मनाचा गुण, की त्याच्या पाकिटाचा?

आमच्याकडे मृगाची पहिली सर आली की हाच डाव शिवारात मांडला जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषिखाते सांगते. तरी कोणी पहिल्या ओलीवरच सोयाबीन पेरतो. साधले तर पीक पुढे निघते. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी. दुबारचे बी ज्याच्या घरात आहे, त्याला लोक हिकमती म्हणतात. ज्याने पहिलेच बी उसनवारीने आणले, तो थांबला तर भित्रा ठरतो, आणि पेरून बुडाला तर अविचारी!

शाळेतही निराळे काय दिसते? दहावीला गणित राहिले तर मुलाला पुरवणी परीक्षेला बसवितात; मुलीचे राहिले तर काही घरांत स्थळे पाहू लागतात. एका उत्तरपत्रिकेवर सारे आयुष्य लावून बसलेली ती पोर अवघड प्रश्नाला हात लावीत नाही, आणि लोक तिला बुजरी ठरवितात.

बरे, दुसरा डाव फुकट नसतोच. धर्मराजाने पहिल्या द्यूतात सर्वस्व घालविले. पुढे द्रौपदीने मागितलेल्या वरांनी पांडव दास्यातून सुटले आणि धृतराष्ट्राने राज्यही परत दिले. म्हणजे दुसऱ्या डावाचे मोल मोजले ते भरसभेत विटंबना सोसलेल्या स्त्रीने. खेळायला पुन्हा बसला मात्र धर्मराज. त्या अनुद्यूतातून आलेली बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास ही शिक्षा तिच्याही पदरी पडली.

दुसरी संधी वाईट, असे मला म्हणायचे नाही. माणसाला माणसाने द्यावी अशी याहून मोठी देणगी नाही. पोकरमधला शहाणा खेळाडू बसण्यापूर्वीच ठरवितो, की आपण किती वेळा पैसे भरणार. मी त्याला एवढीच जोड देईन, की ते कोणाचे भरणार हेही ठरवावे; आणि शेजाऱ्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या खिशात किती डाव आहेत ते पाहावे.

यंदा पाडव्याला घरात पत्ते मांडाल, तेव्हा पैशांऐवजी मुलांना कवड्या वाटा; आणि संपल्या की सर्वांना पुन्हा सारख्याच वाटा, मुलींनाही. मग पाहा, बुजरे कोण उरते ते!