धूर परळीला

हिरवी नंबरप्लेट लागली की माणूस सिग्नलला जरा ताठ बसतो. पुढचा टेम्पो काळा धूर ओकत असतो, आपण काच वर करतो आणि मनात येतं, चला, यात आपण नाही. मुलीने इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून ही ताठ मान मी रोज बघतो. शेजारच्या सीटवर बसलो की माझीही तशीच होते. पण माझं आयुष्य वीज मंडळाच्या उपकेंद्रांत गेलं, 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या त्याच्या आधीही आणि नंतरही, त्यामुळे "यात आपण नाही" हे मला पचत नाही. ते कितपत खरं हा तांत्रिक प्रश्न झाला, त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. मला पडलेला प्रश्न देवाधर्मातला आहे. कर्म इथे करायचं आणि त्याचा दोष डोळ्यांआड, शेकडो किलोमीटरवर जाऊन पडायचा, तर तो कुणाच्या नावावर?

निमित्त झालं परळीचं. वैजनाथ हे आमच्या घराचं दैवत. श्रावणी सोमवारची गर्दी आईला आता सोसत नाही, म्हणून श्रावणाच्या आधीच जाऊन येऊ असा तिने धोशा लावला होता. आई, बायको, मुलगी, जावई आणि मी, शिवाय डिकीत आईची पाण्याची कळशी, कारण बाहेरचं पाणी तिला चालत नाही. पुणे, नगर (आईच्या तोंडी अहिल्यानगर अजून बसलेलं नाही), जामखेड, बीड, वडवणी, तेलगाव, सिरसाळा, परळी. सव्वातीनशे किलोमीटरच्या वरच. एसी लावून, भरल्या गाडीला एका चार्जिंगमध्ये एवढं झेपत नाही. बीडच्या अलीकडे एका हॉटेलात थांबायचं ठरलं.

जावयाने ॲप उघडलं, ओटीपी आला, गन लावली, पडद्यावर टक्के चढू लागले. आम्ही आत जाऊन पिठलं-भाकरी सांगितली आणि लाइट गेली. मागच्या बाजूला हॉटेलचा जनरेटर धडधडायला लागला. पंखे फिरू लागले, पण चार्जर काही जनरेटरवर नव्हता. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची वाट बघत आम्ही डिझेलची हवा खात बसलो. सवयीने मी बाहेर जाऊन खांबाकडे नजर टाकली. अकरा केव्हीचा फीडर ट्रिप झाला असणार, अर्ध्या तासात येईल असं सांगून टाकलं. आलीही.

त्या अर्ध्या तासात जावयाने बिलाच्या मागे हिशोब मांडला. शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला पन्नासेक. आपल्या देशातल्या ग्रिडची वीज एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. झाले पस्तीस किलो. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला याच रस्त्यावर बावीस लिटर लागले असते, आणि एक लिटर जळलं की सव्वादोन किलोच्या वर वायू निघतो. म्हणजे तिकडे पन्नास किलो. बॅटरी बनवतानाचं वेगळं. "तिसरा हिस्सा कमी झालाच की, बाबा," तो म्हणाला. झालाच. मी नाही म्हटलं नाही. फक्त पेन घेऊन खाली एक ओळ वाढवली: ही सगळी वीज कोळशाचीच धरली तर पस्तीस किलोच्या आसपास कोळसा, आणि आपल्या कोळशात राख भरपूर, म्हणून दहा-बारा किलो राख. आमच्या दर्शनाची.

बायको गीतेच्या वर्गाला जाते. ती म्हणाली, हे कृष्णाने सांगूनच ठेवलंय. अठराव्या अध्यायात तो अर्जुनाला म्हणतो की कुठल्याही कर्माला दोष हा असतोच, अग्नीभोवती धूर असावा तसा. म्हणून कुणी आपलं कर्म टाकत नाही. बरोबर आहे. आणि नेमकं इथेच माझं घोडं अडलं. एक तर तो उपदेश आहे स्वतःच्या वाट्याला आलेलं कर्तव्य सोडून पळू पाहणाऱ्याला. सुट्टी काढून एसीत बसून निघालेल्या कुटुंबाने त्याच्या आडोशाला उभं राहणं जरा जास्तच झालं. पण त्याहून मोठी अडचण त्या दृष्टान्तातच आहे. तिथे धूर आपल्या आगीला सोडून जात नाही. ज्याने चूल पेटवली त्याच्याच डोळ्यांत तो जातो, त्याचेच डोळे चुरचुरतात. दोष काय ते त्याला शिकवावं लागत नाही. आम्ही वीज खात्याच्या लोकांनी आग आणि धूर यांची फारकत केली. आग तारेतून पुण्याला नेली आणि धूर ठेवला परळीला, कोराडीला, चंद्रपूरला. ही सोय गीतेच्या काळी नव्हती.

जावई म्हणाला, आपल्या गाडीतली वीज परळीचीच कशावरून? नाहीच सांगता येत. सगळी केंद्रं एकाच जाळ्यात वीज ओततात, कुणी किती संच चालवायचे ते ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून ठरतं, आणि तुमच्या प्लगमधल्या विजेवर गावाचं नाव नसतं. पण यातून सुटका होते असं मला वाटत नाही, उलट गुंता वाढतो. आपला कर्मविचार एकेका जीवाचा आहे: ज्याचं त्याने केलं, ज्याचं त्याने भोगलं. कोट्यवधी लोकांनी एकाच तारेवर मिळून केलेल्या कर्माची वाटणी कशी करायची, ते त्यात सरळ सापडत नाही. पतंजली मात्र जवळ जातो. हिंसा तीन प्रकारची धरा, असं तो योगसूत्रांत म्हणतो: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवून घेतलेली, आणि दुसरा करत असताना मान डोलावलेली. जैन मंडळीही हीच त्रयी मानतात. बटण दाबणं यातल्या दुसऱ्या खणात बसतं. आपल्याकडे वीज अजून फारशी साठवली जात नाही, मागणी होते त्याच क्षणी ती तयार करावी लागते. तुम्ही गन लावलीत की कुठेतरी कुणालातरी तेवढं जास्त जाळावं लागतं. करवून घेणं याहून सरळ आणखी काय असतं?

परळी जवळ आली की देवळाच्या शिखराआधी दिसतात त्या चिमण्या. इथलं औष्णिक केंद्र 1971 चं. सुरुवातीचे संच तीस-तीस मेगावॉटचे होते, पुढे 210 चे आले, आता चालतात ते तीन, प्रत्येकी 250 चे. माझ्या लहानपणी या चिमण्यांचा आम्हाला कोण अभिमान! मामा तिथे कामाला होते, आणि कोरड्या बीड जिल्ह्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा माणूस म्हणजे काय, ते तिथल्यांनाच कळेल. हे विसरून नुसती राख मोजणं अन्यायाचं होईल. पण याच केंद्राला 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, इतका हा मुलूख तहानलेला. टँकरवर जगणाऱ्या माणसांच्या शेजारी शीतकरणाला पाणी मागणारं केंद्र, आणि त्या विजेवर पुण्यात लिफ्ट.

गावाबाहेर राखेचे हायवा ट्रक लागले. ताडपत्री बांधलेली होती, तरी मागच्या फळीच्या फटीतून बारीक करड्या रेघा हवेत सुटत होत्या, आणि आमच्या काचेवर ती पिठासारखी राख बसली. वायपर फिरवला तर ओली होऊन लेप झाला. मुलीने गाडी बाजूला घेऊन फडक्याने काच पुसली. ते फडकं मी झटकणार होतो, पण रस्त्याकडेला एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. घडी करून डिकीत टाकलं, कळशीच्या शेजारी.

त्या कळशीवरून मला जे कळलं ते असं. आपल्याकडे शुद्धतेचा अनुभव दांडगा आहे. आमच्या आजीचं सोवळं कडक होतं; तिला कुणाचा स्पर्श चालायचा नाही. पण तिचं ते सोवळं टिकत होतं ते मागच्या दाराने येऊन आमच्या घराचा मैला वाहून नेणाऱ्या बाईमुळे. घाण कुणीतरी उचलत होतं म्हणून आम्ही शुद्ध होतो, आणि वर उचलणाऱ्यालाच अशुद्ध ठरवत होतो. हिरवी नंबरप्लेट हे आमचं नवं सोवळं होऊ पाहतंय, हीच माझी तक्रार आहे. गाडीबद्दल तक्रार नाही. गाडी चांगली आहे, पेट्रोलपेक्षा बरी आहे, आणि ग्रिडमध्ये सूर्य वाढेल तशी आणखी बरी होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला ती वाटच नाही. पण "कमी दोषाची" आणि "निर्दोष" यांत जे अंतर आहे तेवढ्यात नेमकी परळीची माणसं राहतात.

देवळाच्या पायऱ्या आईने जावयाचा हात धरून चढल्या. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ. इथे लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं, म्हणून आईला परळीच हवी असते. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी याच लिंगात लपले, अशी इथली कथा. दर्शन झाल्यावर मंडपात बसलो असताना बायको म्हणाली, मंथनातून विषही निघतंच, ते पचवणारा हा इथे बसलाय. गोष्ट चपखल आहे, म्हणूनच मी सावध झालो. महादेवाने विष घेतलं ते जाणून, आपण होऊन. हायवाच्या मागे उभ्या असलेल्या त्या बाईला कुणी विचारलं होतं? दुसऱ्याने न मागता गिळलेल्या विषाला त्याग म्हणणं हे सोवळ्याचंच पुढचं पाऊल.

मग करायचं काय, असं मुलीने परतीच्या वाटेवर विचारलं, जरा चिडूनच. प्रायश्चित्त म्हणून झाडं लावणं वगैरे मला पटत नाही. गोदानासारखं ते देणाऱ्याचं मन हलकं करतं, इतकंच. मी तिला खात्यातल्या माणसाला जे सुचतं ते सांगितलं. चार्जिंगचा मुहूर्त बदल. ती ऑफिसातून आल्यावर रात्री गाडी लावते. रात्री सूर्य नसतो, वारा हंगामी, कोयनेचं पाणी संध्याकाळच्या चढत्या मागणीला राखून ठेवलेलं (त्यावरही पाणीवाटप लवादाची 67.5 टीएमसीची मर्यादा आहेच), उरतो कोळसा. दुपारी बारा ते तीनमध्ये ग्रिडमध्ये सौर वीज सगळ्यात जास्त असते. तेच युनिट, पण राख कमी.

"बाबा, दुपारी गाडी ऑफिसात असते," ती म्हणाली.

आता शनिवार-रविवारी ती दुपारी लावते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसा चार्जर मिळावा म्हणून तिने अर्ज दिलाय, आणि तिथे सध्या वाद चालू आहे तो साहेबांच्या डिझेल गाडीची जागा कुणी काढून घ्यायची याचा.