बकुळीची सावली



दिंडीत चालणाऱ्याला सावलीची किंमत सांगावी लागत नाही. डोक्यावर ऊन, पायांखाली तापलेले डांबर आणि पाऊस रुसलेला. अशा वेळी रस्त्याकडेचा वड दिसला की जीव हायसे म्हणतो. तो वड कुणी लावला, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. लावणारा केव्हाच गेला. नाव पुसले, सावली उरली.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आळंदी व देहूहून पंढरीस जाणाऱ्या पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पायी चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट आली, हे चांगलेच झाले. पण रुंदीकरणात कितीक जुनी झाडे गेली. मग ती सावली पुन्हा कोण उभी करणार? ज्या वाटेने आपण चालतो, त्या वाटेचे ऋणही आपल्याच माथी आहे.

आम्ही म्हणतो, बकूळ लावा. ही आपल्या सह्याद्रीच्या रानातली. पाने दाट नि बारमाही हिरवी. वाढ मात्र फार सावकाश. पहिली काही वर्षे तर झाड जागचे हलतच नाही असे वाटते. गुलमोहर झपाट्याने वाढतो, पण वादळात त्याची फांदी काडकन मोडते. बकुळीचे लाकूड टणक आणि जड. नामाचेही तसेच आहे. चार दिवसांत रंग दिसत नाही म्हणून माळ खाली ठेवणाऱ्याच्या हाती काय लागणार?

कुणी म्हणेल, "महाराज, आमची साठी उलटली, तिच्या सावलीत आम्ही कधी बसणार?" अहो, आज ज्या वडाखाली भाकरी सोडलीत, तो काय तुम्ही लावला होता?

आणि बकुळीचे फूल पाहा. ते आपणहून गळते. वेचणाऱ्याला वाकावे लागते. सुकले तरी वास सोडीत नाही. देह गेला तरी संतांचे बोल दरवळतात, तशातलेच हे.

आता कामाचे बोलू. ताजे बी पिशवीत रुजवा, रोप कमरेएवढे होऊ द्या, मग पावसाच्या तोंडावर लावा. भोवती काट्यांचे कुंपण करा. पहिले तीन उन्हाळे पाणी हवेच. माळशिरसाकडे पाऊस मुळात थोडा. पालखी गावात येते वर्षातून एकदा, रोपाला तहान लागते रोज. म्हणून ज्या घरी दिंडीची पंगत होते, त्या घरच्या माउलीच्या हाती रोप द्या. तुळशीला पाणी घालते, तसा तांब्याभर इकडेही घालील. शंभर लावून फोटो काढण्यापेक्षा एक जगवा. लावली किती, हे सांगू नका. पुढल्या वारीला जिवंत किती, तेवढे मोजा.

सावली धरणे हीसुद्धा सेवाच आहे. ती विठोबाला पावते.

रामकृष्णहरी!