बाजेचा चौथा कोपरा



मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून प्रभू येशूकडे आणतात. दारात गर्दी, म्हणून ते छप्पर उघडून बाज खाली सोडतात. त्या बाजेच्या प्रत्येक कोपऱ्याला एक माणूस होता, हे आपण विसरू नये.

आजही काही घरांत अशी बाज आहे. तिच्यावर एक बालक आहे. गळ्यातील नळीतून श्वास, पोटातील नळीतून अन्न. नळीतला कफ मशीनने वेळच्या वेळी ओढून काढला नाही तर जीव गुदमरतो. रात्रीही कोणीतरी जागे राहावे लागते आणि ते कोणीतरी बहुधा आईच असते. चारही कोपरे तिच्याच हाती. तिला रविवारची मिस्सा घडत नाही आणि आपण मात्र म्हणतो, "हल्ली दिसत नाही!"

अशा घरी प्रशिक्षित मदतनीस येणे ही चैन नव्हे. अमेरिकेतील केटी बेकेट हिचा जन्म १९७८ चा. तान्हेपणी मेंदूला सूज आली आणि श्वासासाठी तिला यंत्र लागले. इस्पितळात ठेवले तरच सरकार खर्च देई. घरी खर्च कमी असूनही मदत नाही. आईवडिलांनी पाठपुरावा केला. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचा जाहीर उल्लेख केला, नियमाला अपवाद झाला आणि त्याच डिसेंबरात केटी घरी आली. पुढे अशा असंख्य बालकांसाठी वाट मोकळी झाली. २०१२ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी ती देवाघरी गेली.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. पण रात्रभर जागलेल्या आईने फॉर्म कधी भरायचा? आपल्या तरुणांनी तो भरून द्यावा. हा एक कोपरा.

मदतनीस बाईचा पगार एका कुटुंबाला झेपत नसेल तर समूहातील चार घरांनी वाटून घ्यावा. तिला मोलकरीण समजू नये. योग्य मोबदला आणि आठवड्याची सुट्टी हा तिचा हक्क आहे. रोखलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे संत याकोब बजावतात. हा दुसरा कोपरा.

नळीचे काम शिकलेल्या हातांनीच करावे. पण डबा नेणे, भावंडांना धर्मशिक्षणाला आणणे आपल्याला जमेल. हा तिसरा. चौथा कोपरा आईचा. तो तिच्याकडून कोणी घेऊ शकत नाही. मात्र तेवढाच तिच्या हाती राहू द्या.

ही बालके उठून चालतीलच असे नाही. पण प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, तेव्हा तो माणूस अजून बाजेवरच होता. प्रभू आज आपल्या धर्मग्रामात तोच विश्वास शोधत आहे. तो त्याला आपल्यात दिसो. आमेन.