बाईंनी फोन लावला

सांगलीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या व्हरमाँट राज्यातलं ते लहानसं गाव. जानेवारीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही कडांना गुडघाभर बर्फ आणि एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली लाकडी घरं.

नात घरी येऊन आठवडा झाला, तरी दाराशी कोणी फिरकलं नाही. बाईंना ते फार लागलं. सांगलीत एव्हाना कोणी डिंकाचे लाडू घेऊन आलं असतं, कोणी बाळंतिणीला शेक द्यायला थांबलं असतं, कोणी नाक-डोळे कोणावर गेलेत याचा निकाल लावला असता. इथे समोरची शेजारीण रोज सकाळी दारातला बर्फ काढताना हात हलवायची, हसून ‘हाऊ आर यू’ म्हणायची आणि बाईंचं उत्तर जुळेपर्यंत पुन्हा कामाला लागलेली असायची. एकदा मात्र तिने दारात एक चिठ्ठी ठेवली. बाळाचं अभिनंदन, काहीही लागलं तर फोन करा, आणि खाली नंबर.

लेकीने चिठ्ठी फ्रिजवर लावली. बाई म्हणाल्या, “अगं, ज्याला मनापासून करायचं असतं, तो लिहून ठेवत नाही. तो येतो.”

जावई कामासाठी बॉस्टनला गेले होते, त्या रात्री पडेल तिथे गोठणारा पाऊस सुरू झाला. तारांवर बर्फाचा भार साचला आणि वीज गेली. घर तापवणारी यंत्रणा विजेशिवाय चालत नाही, त्यामुळे तासाभरात भिंती गारठल्या. लेक म्हणाली, “इतक्या रात्री कोणाला त्रास द्यायचा, आई?” बाईंनी नातीचे तळवे हातात घेऊन पाहिले. मग फ्रिजवरची चिठ्ठी काढून लेकीच्या हातात दिली. “लाव हा नंबर. बोलायला जमत नसेल तर मी बोलते.”

फोन ठेवल्याला दहा मिनिटंही झाली नसतील, शेजारीण आणि तिचा नवरा बॅटऱ्या घेऊन दारात उभे होते. तो दिवसा सुतारकाम करायचा आणि गावच्या अग्निशामक दलात बिनपगारी स्वयंसेवक होता. अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी निम्म्याहून अधिक असेच स्वयंसेवक आहेत. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र करून असंच एक दल उभारलं होतं, आणि लहान गावांनी ती रीत आजवर सांभाळली आहे. तिघींना त्याने जपून निसरडा रस्ता ओलांडून नेलं. शेजारणीच्या घरात लाकडांची शेगडी धगधगत होती. नात उबेत शांत झोपली.

चहाचा कप हातात आल्यावर बाईंना राहवलं नाही. अडखळत्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, “एवढी माया आहे, मग इतके दिवस आला का नाहीत?”

शेजारणीला प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. “घरात नवं बाळ आहे, आई थकलेली आहे. तुम्हाला माणसं हवीत की शांतता, हे मी कसं ठरवणार? म्हणून तर नंबर दिला होता. मी रोज फोनची वाट पाहत होते.”

बाई गप्प झाल्या. ज्याला त्या आठवडाभर कोरडेपणा समजत होत्या, तो शेजारणीच्या लेखी आदर होता. ज्याचं घर त्याचं, ज्याचा वेळ त्याचा, ज्याचा निर्णय त्याचा, हे तिथे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. न विचारता हात पुढे केला, तर समोरचा दुबळा आहे असं आपण परस्पर ठरवल्यासारखं होतं, याची तिथल्या माणसाला भीती वाटते. मात्र एकदा आपण मदत मागितली, की तो हातचं राखून ठेवत नाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारणीने ‘मील ट्रेन’ सुरू केली. ही तिथल्या शेजारधर्माची ठरलेली पद्धत. घरात बाळंतपण, आजारपण किंवा दुःख असलं की एक यादी फिरते आणि ज्याला जमेल तो आपल्या तारखेपुढे नाव लिहून त्या दिवशीचं जेवण पोचवतो. हे घर शाकाहारी आहे ना, अंडं चालतं का, कशाची ॲलर्जी आहे का, सगळं आधी विचारून झालं. संध्याकाळी कोणीतरी पायरीवरच्या पेटीत गरम डबा ठेवून, बेलही न वाजवता निघून जायचं. बाळंतिणीला दाराशी उठून यावं लागू नये, हा त्यामागचा विचार. बाईंनीही आपली रीत सोडली नाही. रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून प्रत्येक भांड्यातून तिळगुळाचे लाडू गेले. वर लेकीने चिठ्ठी लावली: तीळ, गूळ, शेंगदाणे. खाणाऱ्याला आत काय आहे ते कळलं पाहिजे.

त्या दिवसांत बाईंना आनंदीबाई जोशी फार आठवल्या. आनंदीबाईंचा धडा त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवला होता. पत्नीला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा गोपाळरावांनी पत्रातून मांडली, ते पत्र तिथल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आलं. कधी न पाहिलेल्या मुलीला त्यांनी पत्र लिहिलं. १८८३ साली आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंच्या अस्थीही शेवटी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. आजवर बाईंनी वर्गात आनंदीबाईंची जिद्द सांगितली होती. मागणं उघडपणे मांडलं म्हणून ते त्या मावशीपर्यंत पोचलं, हे त्यांना आता दिसलं.

पुढे बाईंची पाळी आली. कोपऱ्यावरच्या घरात एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहत. बाईंनी मुगाच्या डाळीचं सूप केलं आणि डबा घेऊन निघाल्या. लेकीने अडवलं. “आई, आधी फोन.” फोनवर आजोबा म्हणाले, “आज नको. गुरुवारी चार वाजता या.”

बाईंचा चेहरा उतरला. सांगलीत कोणी असं म्हणालं असतं, तर त्या घराची पायरी त्या पुन्हा चढल्या नसत्या. पण गुरुवारी त्या गेल्या. आजोबांनी दाढी केली होती, टेबल आवरलं होतं, दोन कप मांडले होते आणि दिवंगत पत्नीचे फोटो काढून ठेवले होते. अंधार पडेपर्यंत ते बोलत राहिले. पाहुणीला उरलासुरला वेळ द्यायचा नाही, म्हणूनच ‘आज नको’ होतं.

परतताना बाईंच्या मनात एक काळजीही घर करून राहिली. आपण फोन केला नसता, तर या माणसाने ‘या’ असं स्वतःहून म्हटलं असतं का? या रीतीचं मोल तो देशही मोजतो. २०२३ साली अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा जाहीर इशारा दिला होता. ज्याला मागता येत नाही, तो तिथे एकटा पडू शकतो. म्हणून बाई दर गुरुवारी विचारत राहिल्या.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी व्हरमाँटमध्ये गावसभेचा दिवस असतो. गावकरी एकत्र बसून गावचा खर्च ठरवतात. बर्फ काढण्याच्या नव्या ट्रकवरून सुतार शेजारी आणि कोपऱ्यावरचे आजोबा एकमेकांविरुद्ध तावातावाने बोलले. मतदान झालं, ट्रक मंजूर झाला आणि दुपारच्या जेवणाला दोघं एकाच टेबलावर बसून शेजारणीने आणलेला पदार्थ वाढून घेऊ लागले. बाईंना गावाचे आभार मानायचे होते, पण त्या तिथल्या मतदार नव्हत्या. जेवणानंतर त्यांनी अध्यक्षांकडे परवानगी मागितली, अध्यक्षांनी सभेला विचारलं आणि सगळ्या सभेने हात वर केले. बाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलल्या, पण गावाने एकेक शब्द लक्ष देऊन ऐकला.

बाई सांगलीला परतल्यावर त्यांच्या शेजारची एक मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली. ती भेटायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, “बाळा, तिथे कोणी आपणहून आलं नाही तर माणसं वाईट आहेत असं ठरवू नकोस. तुला काय हवं ते स्पष्ट सांग. ‘नाही’ म्हणाले तर राग धरू नकोस आणि ‘हो’ म्हणाले तर संकोच करू नकोस. मग तुझी पाळी येईल तेव्हा तूही विचार.”

बोध : आपल्याकडे माया न विचारता धावून येते, तिथे ती विचारण्याची वाट पाहते. परक्या समाजाला आपल्या मापाने मोजून निकाल देण्याआधी त्याची रीत समजून घ्यावी. ज्याने ती शिकून घेतली, त्याला परदेशातही शेजारी मिळतात.