ठेव

2016 साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि गावातले जुने फोटो गोळा करायला लागलो. मुलानं पुण्याहून लॅपटॉप आणि स्कॅनर आणून दिला होता. 'गुरुजींना आता उद्योग पाहिजे' म्हणून लोक हसले, पण फोटो द्यायला कुणी नाही म्हटलं नाही. आमच्या माणदेशात तेव्हा फोटो म्हणजे घरटी तीन-चार. लग्नातला एक, पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात काढलेला एक, आणि म्हातारं माणूस गेल्यावर खुर्चीत टेकवून, डोक्याला फेटा बांधून काढलेला एक. काचेला चिकटलेले, कसरीनं खाल्लेले, गळतीनं डाग पडलेले. मी ते आणायचो, स्कॅन करायचो आणि ज्याचे त्याला परत द्यायचो.

तीन वर्षांत अकराशे चाळीस फोटो जमले. पण फोटो ही त्यातली अर्धीच कमाई. उरलेली अर्धी म्हणजे नावं. लॅपटॉपवर फोटो मोठा करून मी म्हाताऱ्या माणसांपुढं धरायचो. चष्मा पुसत, काचेवर बोट टेकवत ती सांगायची, "ह्यो आमचा थोरला चुलता. हिरीवर मोट हाणायचा." मी ते त्या फोटोखाली टाईप करायचो. सगळा साठा एका बाहेरच्या हार्डडिस्कवर होता, कारण लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नव्हती.

खेड्यात ठेव ही जुनी गोष्ट. माझ्या आजीकडे भाऊबंदातल्या बायका डोरलं, पुतळ्या, मणी ठेवायला आणायच्या. आजी ते फडक्यात बांधून उतरंडीतल्या तळच्या मडक्यात ठेवायची. कागद नाही, पावती नाही. ठेवून जाणारीला रात्री झोप लागायची, आजीला लागायची नाही. ती म्हणायची, "आपलं डाग मोडलं तर आपुनच रडायचं. दुसऱ्याचं हरवलं तर रडायचा बी हक न्हाई."

माझ्याही बाबतीत तेच झालं होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. लोक म्हणायला लागले, "गुरुजींकडं हाय की!" तात्याचं माळवद पाडून स्लॅबचं घर झालं, तेव्हा भिंतीवरच्या तसबिरी खाली आल्या त्या परत वर गेल्याच नाहीत. तात्याच्या नातवानं त्या मातीच्या ढिगावर टाकल्या. कॉम्प्युटरमध्ये आहेत, मग पसारा कशाला, असा त्याचा हिशेब. त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट थोडा अभिमानच वाटला.

तात्याच्या त्या तसबिरींत एक फोटो होता. 1972चा दुष्काळ. पाझर तलावाच्या कामावर कुणी साहेब पाहणीला आले, तेव्हा काढलेला. मागं उघडा माळ, पुढं मातीचा ढीग, आणि पाट्या घेऊन उभ्या राहिलेल्या अकरा बायका. त्या वर्षी इकडं मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन माणसं जगली. पाटलाच्या घरची बाई आणि गड्याची बाई एकाच पाटीनं माती वाहत होत्या. अकराजणींत सगळ्यात लहान आमची आक्का. 2017 साली तिनं माझ्यापुढं बसून अकराच्या अकरा नावं सांगितली. एका ठिकाणी बोट थांबलं. म्हणाली, "ही माझी धाकल्या जावंची थोरली भन..." मग हसली, "न्हाई, चुकले. ही माझी सख्खी थोरली भन. दुस्काळ सरला आन ही बी सरली." बहिणीचा दुसरा फोटो नव्हता. मी नाव टाईप केलं, डावीकडून कितवी ते लिहिलं आणि पुढच्या फोटोकडे गेलो.

2021च्या दुसऱ्या लाटेत आक्का गेली. त्या दोन महिन्यांत माझ्यापुढं बसून बोटं टेकवणारी सातजणं गेली.

पुढच्या वर्षी जून महिन्यात लॅपटॉपनं नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवा, अशीही सूचना होती. मी 'पुढे' दाबलं. नवी आवृत्ती आली आणि फोटोंचा साठा उघडल्यावर तिनं तो आपल्या नव्या पद्धतीत बदलायला घेतला. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला. हार्डडिस्कचा अडॅप्टर मात्र भिंतीतल्या लायटीवर होता. डिस्कचा बारीक गुणगुणणारा आवाज थांबला. लाईट आल्यावर पडद्यावर एवढंच आलं, की हा साठा बिघडला आहे, उघडता येत नाही. दुरुस्ती करून पाहिली, तीही अर्ध्यावर थांबली.

तालुक्याच्या दुकानातल्या पोरानं डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. त्यानं मला समजावलं ते असं : बाहेरून एकच फाईल दिसते, पण ती पोतं असते. पोत्यात मूळ फोटो वेगळे आणि त्यांची नोंदवही वेगळी. फोटो शाबूत आहेत. नोंदवही अर्धी जुनी, अर्धी नवी अशी मोडली आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं नोंदवहीत होतं, फोटोवर नाही.

अकराशे चाळीस फोटो परत मिळाले. प्रत्येकाचं नाव म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांब माळ, अर्थ काही नाही. दुकानातला पोरगा खूष होता. "काका, एक बी गेला न्हाई." मी त्याला पैसे दिले आणि एस.टी.त बसून रडलो.

महिनाभरात आक्काची लेक माहेरी आली. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. म्हणाली, "गुरुजी, आई म्हणायची माझी पोरगी मावशीवर गेलीया. त्या फोटूत मावशी कुटली, तेवढी दावा. मोठी करून फ्रेम करती."

मी फोटो उघडला. अकराजणी समोर उभ्या. मला आठवेना. आक्काचं बोट आठवत होतं, त्याची वाकडी नखं आठवत होती, ते थांबलेलं आठवत होतं. कुठं थांबलेलं, ते आठवेना. समोर ती आशेनं बघत होती. मी डावीकडून तिसऱ्या बाईवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ही."

ती बराच वेळ बघत राहिली. "पोरगी न्हाई का अगदी!" म्हणाली. खरंच तसं दिसत होतं. दाखवलं की दिसतंच.

माझी झोप गेली. मी स्वतःला समजावत होतो : बिघडलं कुठं? मावशी मेली त्याला पन्नास वर्षं झाली. भाचीला एक चेहरा मिळाला, तिचं समाधान झालं. खोटं कळायला जगात कुणी उरलेलं नाही. ज्या खोट्यानं कुणाचं वाईट होत नाही, ते खोटं कसं? शाळेत चाळीस मुलांपुढं 'नेहमी खरे बोलावे' लिहिणं सोपं असतं. तिथं खोट्याचा फायदा कुणाला, हे फळ्यावर लिहावं लागत नाही. इथं फायदा तिचा दिसत होता, पण मुळात होता माझा. 'माझ्याकडून हरवलं' हे चार माणसांत म्हणायचं वाचत होतं.

आणि वाईट कुणाचं होत नव्हतं, हेही खरं नव्हतं. ती तिसरी बाई कुणाची तरी आई होती. तिच्याकडून तिचा चेहरा काढून मी दुसरीला दिला होता. आणि आक्काच्या बहिणीचा चेहरा अजून त्या फोटोत होताच, फक्त आता तो कुणी शोधणार नव्हतं. हरवलेली वस्तू सापडू शकते. चुकीच्या जागी सापडली असं ठरलं, की तिचा शोधच संपतो.

आठव्या दिवशी मी तिच्या सासरी गेलो. भिंतीवर फ्रेम लागली होती, अबीर लावलेला होता. मी चहा न घेताच सांगून टाकलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आट दिस मी तिच्या पाया पडले, गुरुजी." पुढं म्हणाली, "सांगितलंच न्हाई तर काय बिगडलं असतं तुमचं?" ह्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

पुढं मी बाहत्तरच्या मस्टरचा शोध घेतला. त्यात नावं आणि अंगठे असायचे. मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी अंगठ्याला चेहरा नसतो.

दोष कुणाचा, यावर खूप विचार केला. लाईट वेळेवर गेली. कंपनीनं नोंदवही अशी नाजूक केली. तात्याच्या नातवानं तसबीर टाकली. याज्ञवल्क्य स्मृतीत ठेवीवर नियम आहेत. राजानं नेली, दैवानं गेली किंवा चोरानं लुटली, तर सांभाळणाऱ्याकडून भरपाई घेऊ नये. हे वाचून मला बरं वाटलं. पण त्याच्या पुढंच म्हटलंय, की मालकानं मागूनही दिली नाही आणि मग गेली, तर भरपाई द्यावी, वर तेवढाच दंडही द्यावा. तिथं मी अडकलो. कारण शाळेतले नवे मास्तर 2019 पासून माझ्याकडे एक प्रत मागत होते. मी म्हणायचो, "पुरं होऊ द्या, मग देतो." पुरं काही व्हायचं नव्हतं. सगळ्या गावाची नावं एका माणसाकडं आहेत आणि तो माणूस मी आहे, हे मला आवडत होतं. ठेव सांभाळता सांभाळता मी तिचा मालक झालो होतो. लाईट जाणं हे फक्त त्यानंतरचं निमित्त.

आमच्याकडे बैल घेऊन हेळवी येतो. दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, घरात नवीन जन्मलेल्यांची नावं त्यात घालतो आणि सुपभर धान्य घेऊन जातो. लहानपणी मला वाटायचं, आमचीच नावं आम्हाला ऐकवायची ह्याला मजुरी कसली? आता कळतं. तो पिढ्या म्हणून दाखवतो तेव्हा घरातले दहा कान ऐकतात. एखादं नाव चुकलं तर म्हातारी आतून ओरडते. त्याची वही जळाली तरी थोडं थोडं दहा घरांत उरतं. देव्हाऱ्यातले टाक झिजले, की आपण सोनाराकडून उजळून आणतो. सांभाळणं म्हणजे बंद करून ठेवणं नव्हे, अधूनमधून बाहेर काढणं आणि चार हातांतून फिरवणं. आजीचं सोनं पुरून चालत होतं. नावं पुरली की कुजतात.

मग मी सगळे फोटो कागदावर छापून घेतले. दर गुरुवारी, बाजार करून माणसं परत आली की, मारुतीच्या देवळात ते सतरंजीवर मांडतो. उरलेली म्हातारी येतात, भांडतात, एकमेकांची चूक काढतात. ठरलं की पाठीमागं मऊ पेन्सिलीनं नाव लिहितो. बॉलपेनची शाई पुढं उमटते. प्रती तीन : एक माझ्याकडे, एक शाळेत, एक मुलाकडे पुण्याला. आतापर्यंत सातशे वीस फोटोंची नावं परत आली. बाकीच्यांची येतील असं दिसत नाही.

बाहत्तरच्या फोटोतल्या आठजणी ओळखल्या गेल्या. डावीकडून तिसरी खालच्या आळीच्या एका कुटुंबाची आजी निघाली. राहिल्या तीन. त्यांतली एक आक्काची बहीण.

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात आक्काच्या लेकीचा निरोप आला, सर्वपित्रीला जेवायला या. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं त्या दिवशी करतात. गेलो. भिंतीवर नवी फ्रेम होती, तिघींचीच. पुढं पानं तीन वाढलेली. ती म्हणाली, "दोघी परक्या अस्त्याल. जेवू द्या त्यास्नी बी. दुस्काळात एका जागी होत्या की." तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. वाढताना मात्र तिनं विचारलं, "गुरुजी, भाकरी का पोळी?", तेव्हा जरा बरं वाटलं.

घरी येऊन मी तो फोटो उलटा केला. ओळखू न आलेल्यांच्या मागं आम्ही 'अनोळखी' असं लिहायचो. तिथं ते लिहिलेलं होतं. मी ते खोडलं. त्या अनोळखी नव्हत्या. आक्कानं प्रत्येकीचं नाव मला सांगितलं होतं. म्हणून पेन्सिलीनं लिहिलं : 'या तिघींची नावे सांगितली होती. माझ्याकडून हरवली.' खाली सही केली आणि तारीख घातली.